झाकण आणि वायर यांच्या मधली जागा

११ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर आपलं काही जमत नाही, म्हणून लिहिते आहे. फोन लावला की तू विचारतेस, "जेवलीस?" मी विचारते, "गॅस आला?" आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. आई होती तेव्हा ती मधे बोलत राहायची आणि आपल्याला फक्त भांडायचं काम असायचं. ती गेल्यापासून आपण भांडलोसुद्धा नाही. हे काही चांगलं लक्षण नाही.

माझं ठीक आहे. कॉलेजने या सत्रात मला नवा विषय दिला आहे, कारखान्याची मांडणी. कुठलं टेबल कुठे ठेवायचं, कोणाच्या हातातलं काम कोणाच्या हातात कसं जायचं, कुठे माल साचतो आणि का साचतो, असं सगळं. पुस्तकात चौकोन आणि बाण आहेत. मुलं चौकोन-बाण पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरतात. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि वर्गातच कारखाना काढला. बाकं एका रांगेत लावली. जुन्या पुठ्ठ्यांच्या पेट्या करायच्या, प्रत्येक पेटीत एक नट-बोल्ट आवळायचा, वर चिठ्ठी लावायची. पहिल्या फेरीत नियम असा, की दहा झाल्याशिवाय पुढच्याकडे सरकवायच्या नाहीत. मधल्या मुलीपुढे ढीग, ती रडकुंडीला आलेली, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा चक्क पेंगतोय, कारण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही! एका मुलीला ग्राहक केलं होतं, ती ओरडते आहे, "अहो, माझी पेटी कुठे आहे?" दुसऱ्या फेरीत म्हटलं, एक झाली की एक पुढे द्या. माणसं तीच, हात तेच, पण ढीग दिसेना. तेव्हा त्यांची तोंडं बघायला हवी होतीस.

तेवढ्यात विभागप्रमुख सर दारात. "हा काय बालवर्ग आहे का?"

मी म्हटलं, "सर, हा कारखाना आहे."

"मग हजेरी घेतली का?"

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. हसणं मला जमतं आहे. वर्गाबाहेर आले की मात्र टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं होतं. माणसांची तोंडं हलताना दिसतात.

ते असो. तुझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाली होतीस. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीत हात सुधारलेला दिसला नाही तर इस्त्र्या जोडायच्या ओळीवरून काढायला सांगेन म्हटलं आहे, हेही तूच सांगितलंस, आणि लगेच सिलिंडरवर घसरलीस. ओळीवरून काढलं तर तुला त्या कारखान्यात दुसरं काम नाही. म्हणून एक मागते. तुम्ही इस्त्र्या जोडता त्या ओळीचा नकाशा काढून पाठव. कोण कुठे बसतं, कोण काय करतं, टेबल केवढं आहे. कारखान्याचं नाव मी घेणार नाही. मुलांपुढे खरी केस ठेवली की ती जीव ओततात, आणि तुझ्या हाताला आराम पडेल असं त्यातून काहीतरी निघेलच. मी शिकले ते आणखी कशासाठी?

तुझी,
धाकटी

२३ जानेवारी

मास्तरीणबाईंना,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पेंगणारा मुलगा मला आवडला. असला एक आमच्याकडे पॅकिंगला आहे, त्याच्यापर्यंत माल पोचतो तरी पेंगतो.

नकाशा सोबत आहे. पट्टी सापडली नाही, वितीने मोजलं. मोठ्या खोलीत एक लांब टेबल, आम्ही सगळे त्याच्या एकाच बाजूला. डावीकडून सुरुवात. पहिली जागा तळाची. तिथे ठोंब्या बसतो, इस्त्रीच्या लोखंडी तळात तार बसवतो. दिवसभरात तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून ठोंब्या. त्याच्या शेजारी रेडिओ. तिचं नाव असं का ते तुला सांगायला नको. ती झाकण लावते, मूठ बसवते. मग मी, वायर जोडते. माझ्या उजवीकडे चाचणी, म्हणजे इस्त्री तापवून बघतात, आणि शेवटी पॅकिंग.

रेडिओ आणि मी यांच्या मधे मोकळी जागा आहे. ती नकाशात तशीच ठेवली आहे. तू खोडू नकोस.

हातासाठी कुठली गोळी चालू नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सारखा लांब करता म्हणून खांद्याकडून नस धरली आहे. दुखत नाही, हे एक बरं. परवा चाचणीवरून एक इस्त्री परत आली, वायर सैल होती. मी डाव्या हाताने धरून उघडत बसले. ठोंब्या पलीकडून ओरडला. कित्येक महिन्यांनंतर बोलला म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडेच बघायला लागलो. तो म्हणाला, "अगं, हात!" तळ तापलेला होता. मला वास आला तेव्हा कळलं. फोड आला होता, आता सुकला. घाबरू नकोस म्हणून सांगते आहे, आणि सांगितलं नाही तर रेडिओ सांगेल म्हणूनही.

घरात तसं काही नवीन नाही. बाथरूमचा नळ गळत होता, आता गळत नाही. आपला आपण थांबला.

ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या फोडाबद्दल वाचून मला काय वाटलं ते लिहायला बसले होते, दोन दिवस कागद तसाच राहिला. म्हणून जे केलं तेच लिहिते.

तुझी ओळ आम्ही वर्गात मांडली. जशीच्या तशी, तुझ्या वितीवरून. माझी वीत आणि तुझी वीत सारखी आहे हे मला आठवलं. लहानपणी हात जुळवून बघायचो, आणि मी लबाडी करून बोटं ताणायचे. इस्त्र्यांऐवजी पुठ्ठ्याच्या पेट्यांत वाळू भरली, वजन यावं म्हणून. वायरच्या जागेवर, म्हणजे तुझ्या जागेवर, आधी लंबू बसला. त्याचे हात कुठेही पोचतात, त्याला काही त्रास होईना. मग मी तिथे वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी बसवली. तास संपायच्या आत ती खांदा चोळायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

म्हटलं, बघा, आता शोधा. मी उत्तर सांगत नाही, हा माझा नियम आहे. मुलं टेबलाभोवती फिरली, दोऱ्याने मोजलं. वर्गात एक वकील आहे, म्हणजे आम्हीच त्याला वकील म्हणतो, कारण तो प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घेतो. तो त्या मोकळ्या जागेपाशी थांबला. "मॅडम, इथे कोण बसतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"मग जागा का सोडली आहे?"

"खांब असेल."

लंबू म्हणाला, "खांबाला पगार आहे का?" आणि सगळा वर्ग खो खो हसला.

पण उत्तर तिथेच सापडलं, ताई! प्रत्येक इस्त्री त्या मोकळ्या जागेवरून ओलांडून तुझ्याकडे येते. तिथे तिच्यावर काहीच काम होत नाही, नुसता तुझा हात लांब होतो. दिवसभर, वर्षभर. मुलांनी नवी मांडणी काढली. टेबल सरळ नको, घोड्याच्या नालेसारखं वळवायचं. सगळे आतल्या बाजूला, जवळजवळ, म्हणजे शेजारच्याने ठेवलेली वस्तू कोपर न उघडता उचलता येईल. मधली जागा काढून टाकायची. बुटकीला पुन्हा बसवलं, तिचा खांदा दुखेना. प्रमुख सरसुद्धा येऊन बघून गेले आणि हजेरीबद्दल बोलले नाहीत.

आई पॅकिंगला बसायची तो कोपराही आम्ही मांडला होता. तिथे खिडकी असेल असं मी मुलांना सांगितलं. आहे ना?

आणि एक. मुलांच्या या मांडणीचा अहवाल करून मी तुमच्या साहेबांना पाठवला आहे. तुझं नाव घातलेलं नाही, फक्त कॉलेजचं आहे. त्यांचं उत्तर आलं, फार चांगलं उत्तर आलं. तुझी तपासणी व्हायच्या आत हे व्हावं एवढीच माझी इच्छा आहे.

तुझी,
धाकटी

२ मार्च

तुला,

आज सुतार आला. टेबल मोजून गेला. साहेबांनी तुझ्या मुलांची आकृती भिंतीवर लावली आहे.

मला विचारलं नाहीस.

ताई

७ मार्च

प्रिय ताई,

तुझं एवढंसं पत्र हातात घेऊन मी किती वेळ बसले होते. पाठीमागे काही लिहिलं आहे का ते बघितलं.

तू रागावली आहेस हे कळतं. विचारायला हवं होतं, मान्य. तुला विचारलं असतं तर तू "राहू दे गं" म्हणाली असतीस. तुझा हात भाजतो आणि तुला वास आल्यावर कळतं, आणि तू "राहू दे" म्हणतेस. आपल्या घरात सगळ्या गोष्टी अशाच राहू दिल्या. आईचा खोकलाही राहू दिला.

हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

मला एवढंच सांग, त्या मांडणीत चुकलंय काय? मुलांनी फार मेहनत केली आहे. एक मोकळी जागा काढली, कोणाचं काम गेलं नाही, कोणाला उठवलं नाही. फक्त तुझा हात वाचतो. यात वाईट काय आहे?

तुझी,
धाकटी

१५ मार्च

धाकटे,

तो खांब नाही.

तुला वाटतं आई पॅकिंगला होती. होती, तू इथे होतीस तोवर. तू शिकायला गेलीस आणि तिला ओळीवर घेतलं, मूठ बसवायला. तिनेच मागून घेतलं, माझ्या शेजारी बसायला मिळतं म्हणून. तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. "ती म्हणेल, या वयात कशाला, आणि तिचं अभ्यासातलं लक्ष उडेल." मग तुला नोकरी लागली, तेव्हा सांगायचं राहून गेलं. राहू दिलं. तुझं बरोबर आहे, आपल्या घरात तसंच होतं.

तर झाकण लावायची रेडिओ, मूठ बसवायची आई, वायर जोडायची मी. आई मूठ बसवली की इस्त्री उचलून एकदा हलवून बघायची आणि मग माझ्या हातात द्यायची. टेबलावर ठेवायची नाही, हातात द्यायची. साहेब म्हणायचे, "अहो आजी, ठेवा ना खाली." ही म्हणायची, "ठेवीन की, तिचे हात मोडतील तेव्हा."

ती गेल्यावर मी कामावर गेले, तर तिची खुर्ची तिथेच होती. रेडिओने झाकण लावलं, आईच्या वाट्याची मूठही बसवली, आणि इस्त्री खुर्चीपुढून माझ्याकडे सरकवली. मी हात लांब केला. बस. असं करायचं कोणी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. इस्त्र्यांचा आकडा भरत होता, त्यामुळे साहेबही काही म्हणाले नाहीत. नंतर त्यांनी एक नवी मुलगी आणली. ती बिचारी बसायला गेली, तशी रेडिओ म्हणाली, "तिथे नको गं. तिथे बसतात."

मुलीने विचारलं, "कोण?"

रेडिओने पुढची इस्त्री उचलली. मुलीला पॅकिंगला पाठवलं. खिडकीपाशी. हो, खिडकी आहे.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच. हात लांब करायचा, इस्त्री घ्यायची, वायर जोडायची. हाताचंही कळत नव्हतं आणि बाकीचंही. दिवस जात होते.

तू नकाशा मागितलास तेव्हा तुला लिहिणार होते. मग वाटलं, सांगितलं तर ही ती ओळ वर्गात मांडणारच नाही. आणि मला ती मांडली जायला हवी होती. तुझा वर्ग आईला फार बघायचा होता. ओळीवर सगळ्यांना सांगायची, "माझी धाकटी मोठ्या मोठ्या मुलांना शिकवते." म्हटलं, निदान तिची जागा तरी तिथे जाऊन येईल. म्हणून खोडू नकोस म्हटलं होतं.

आणि तुझ्या मुलांनी बरोब्बर तीच शोधून काढली. हुशार आहेत.

ताई

२१ मार्च

ताई,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत आलं. वाचलं, घडी केली आणि वर्गात जाऊन पुढचा तास घेतला. चांगला झाला तास. शेवटी मुलांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. हे कसं होतं मला कळत नाही. आईच्या वेळीही असंच झालं होतं. मी दवाखान्यातून तुझ्याआधी बाहेर आले आणि सगळ्यांना फोन केले, एकाही फोनवर आवाज हलला नाही. सगळे म्हणाले, किती धीराची आहे. धीर नव्हता तो. पण काय होतं तेही मला सांगता येत नाही.

"खांबाला पगार आहे का" यावर मीही हसले होते. ती ओळ मांडली होती तेव्हा मी शिकवायला नेमकी त्या मोकळ्या जागेपाशीच उभी राहिले होते, कारण तिथे उभं राहायला जागा होती. तिथून सगळी मुलं दिसतात.

म्हणजे तिने वर्ग बघितला, असं म्हणायचं असेल तर म्हण.

आता कामाचं. मी साहेबांना लिहू शकते. म्हणेन, मुलांचा हिशेब चुकला, आहे ते टेबल राहू द्या. ते ऐकतील. खुर्ची राहील. पण मग तपासणीत तुझा हात तसाच निघेल, आणि तुला ओळीवरून उठवतील, आणि मग खुर्चीशेजारी तूही नसशील. दोन्ही बाजूंनी मी मांडून बघितलं. मला दोन्ही वाचवता येत नाहीत. इतकं शिकून येत नाहीत.

वर्गात आम्ही आतापर्यंत असं धरून चालत होतो, की जिथे काम होत नाही ती जागा फुकट जाते. परवा मी मुलांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवला. रिकामी जागा दिसली की ती काढण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना विचारून या, इथे कोण होतं. वकील म्हणाला, "आणि मॅडम, त्यांनी सांगितलं नाही तर?" मी म्हटलं, "तर तिथे थोडा वेळ बसून बघ." लंबूने ते वहीत उतरवून घेतलं.

तू ठरव. रेडिओमावशीला विचार, ठोंब्यालाही विचार. ओळ त्यांचीही आहे. तू जे म्हणशील ते मी करेन, आणि या वेळी विचारल्याशिवाय काही करणार नाही.

धाकटी

३० मार्च

धाकटे,

साहेबांना लिहू नकोस.

जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. रेडिओ आधी गप्प बसली, हे तुला खोटं वाटेल. मग म्हणाली, "तुझी आई असती तर म्हणाली असती, खुर्ची सांभाळायला हात घालवतेस, कोणाची गं तू अक्कल घेतलीस?" आणि तिचा आवाज इतका हुबेहूब काढला की मी मागे वळून बघितलं. ठोंब्याने मान हलवली. त्याच्याकडून तेवढं म्हणजे भाषण.

साहेब विचारायला आले. मी म्हटलं, करा. एवढंच म्हटलं. आणि पुढची वायर जोडायला घेतली.

सुतार पुढच्या आठवड्यात येतो आहे.

ताई

२६ एप्रिल

धाकटे,

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं बरंच साचलं, तुझ्या मधल्या मुलीसारखा ढीग.

टेबल वळवलं. नालेसारखं. पहिले काही दिवस सगळे एकमेकांच्या कोपरांना धडकत होतो. ठोंब्या आता रेडिओच्या बरोबर समोर येतो, तो म्हणतो, मला जुन्या जागी पाठवा. दोन वाक्यं झाली त्याची या वर्षात. बुटकीला सांग, मूठ बसवलेली इस्त्री आता माझ्या हाताशीच येते. कोपर उघडावं लागत नाही. आणि रेडिओ टेबलावर ठेवत नाही, हातात देते. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

खुर्चीचं सांगते. टेबल हलवायच्या दिवशी सुताराच्या माणसांनी सगळ्या खुर्च्या उचलून बाहेर पडवीत रचून ठेवल्या. एकसारख्याच लोखंडी खुर्च्या, तुला माहीत आहे. संध्याकाळी परत आणून मांडल्या. मी जाऊन बघायला लागले, आईची कुठली. वाटलं होतं लगेच कळेल. पाठीशी पोचा आहे म्हणून बघावं, तर तीन खुर्च्यांना पोचे. बसून बघितलं, सगळ्या सारख्याच करकरतात. रेडिओने विचारलं, "काय शोधतेस?" मी सांगितलं. मग तीही बघायला लागली, आणि ठोंब्याही वाकून बघायला लागला, आणि शेवटी साहेबही. कोणालाच कळेना. म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी रोज तिच्यावर बसतं आहे. कोण ते ठाऊक नाही. आता कोणी आपली खुर्ची बदलत नाही, आणि कोणी धपकन बसतही नाही.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून बघितली. दोन बोटांना कळली, दोन बोटांना नाही. म्हणाल्या, येईल हळूहळू, सध्या ओळीवर राहा.

आणि काल चहाच्या सुट्टीत मी डाव्या हाताने कप उचलला, आणि भाजलं. हातातून कप सुटला, चहा सगळा टेबलावर. रेडिओ म्हणाली, "अगं, फडकं घे, फडकं." मी उभीच. बोटं दुखत होती. मला रडू फुटलं. असं फुटलं, की तसं दवाखान्यातही फुटलं नव्हतं, घरीही नाही. रेडिओ म्हणते, "अगं, चहाच तर आहे." मी म्हटलं, "गरम आहे." ती म्हणाली, "मग चहा कसा असतो?" तरी मला थांबवता येईना. ठोंब्याने फडकं आणून पुसलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कोणी इस्त्री पुढे सरकवली नाही. साहेब दारातून बघून गेले.

आज हात दुखतो आहे. चांगलाच दुखतो. उजव्याने लिहिते आहे, म्हणून काही अडत नाही.

तुझं सत्र संपलं की ये. घरी आधी येऊ नकोस, सरळ कारखान्यातच ये, मग दोघी मिळून घरी जाऊ. साहेबांना विचारलं आहे, ते हो म्हणाले. कुठल्याही खुर्चीवर बस.

ताई